उणे पन्नासचा घोडा : बुद्धिबळाच्या इंजिनांमधली उचलेगिरी कशी ओळखतात?

डिसेंबर २०२४मध्ये गुकेश विश्वविजेता झाला, जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि बुद्धिबळाचं थेट प्रक्षेपण बघणारे वाढले. त्यात पटाच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी असते. खेळी झाली की ती वरखाली होते, शेजारी ‘+०.८’ असा काहीतरी आकडा येतो. हा आकडा देणारा प्रोग्रॅम म्हणजे इंजिन. आज मोबाइलवर फुकट चालणाऱ्या इंजिनसमोर विश्वविजेताही टिकत नाही.

या इंजिनांच्या आपापसात स्पर्धा होतात आणि त्यांत चोरीचे आरोपही होतात. एका इंजिनची चार जगज्जेतेपदं काढून घेतली गेली. दुसरं एक प्रकरण म्युनिकच्या कोर्टात गेलं. हे ऐकलं की कुणालाही प्रश्न पडतो : पट एक, नियम एक, गणित एक. मग एकाने दुसऱ्याचं उचललं हे ठरवायचं कशावरून? दोन माणसांनी बेरीज केली आणि उत्तर सारखं आलं, तर त्याला कुणी कॉपी म्हणत नाही.

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी इंजिनच्या पोटात डोकवावं लागेल.

इंजिन विचार कसं करतं?

कामं दोनच. पहिलं शोध : मी ही खेळी केली, समोरच्याने ती केली, मग मी अमुक केली, असं पुढे पुढे बघत जाणं. दुसरं मूल्यमापन : बघत बघत जिथे थांबलो, ती स्थिती किती चांगली हे एका आकड्यात सांगणं.

गणितज्ञ क्लॉड शॅननने १९५०च्या लेखात ही मांडणी करून ठेवली. त्याने दिलेले भाव आजही शिकवले जातात : वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा प्रत्येकी ३, प्यादं १. दुहेरी, एकटं किंवा मागे राहिलेलं प्यादं असेल तर प्रत्येकी अर्धा गुण कमी आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक खेळीला ०.१ गुण जास्त. इतक्या साध्या सूत्रावरसुद्धा खेळता येतं, फक्त कच्चं.

आणखी एक शब्द लागेल. प्रोग्रॅमर जे लिहितो, माणसाला वाचता येतं, तो सोर्स कोड. संगणकासाठी त्याचं रूपांतर करून जी फाइल मिळते ती चालती फाइल. तिच्यात नुसते आकडे आणि यंत्राच्या आज्ञा असतात. विकत घेतलेल्या इंजिनात साधारणपणे चालती फाइलच मिळते. ताटातली आमटी आणि ती करण्याची कृती यांत जो फरक, तोच इथे. आमटी चाखून कृती ओळखता येते, पण जीभ तयार लागते.

मग सगळ्यांचं सारखंच असणार की!

बरंचसं असतंच, आणि त्याला कुणाची हरकत नाही. वाईट निघालेल्या फांद्या पुढे न बघता छाटायची अल्फा-बीटा पद्धत, एकदा पाहिलेली स्थिती पुन्हा ओळखण्यासाठी १९७०मध्ये झोब्रिस्टने सुचवलेली खूणक्रमांकाची युक्ती, यादीत मागे असलेल्या खेळ्या उथळ तपासण्याची रीत : या सगळ्या कल्पना लेखांमधून, चर्चांमधून सगळ्यांना मिळालेल्या आहेत. कल्पनेवर कॉपीराइट नसतो. कल्पना कशी लिहून काढली, त्या मांडणीवर असतो.

गोड्या मसाल्याचं उदाहरण घ्या. धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी : यादी सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारणीच्या डब्यातही हेच जिन्नस सापडले तर त्यात नवल काय? पण तुमच्या आजीने कधीतरी चुकून घातलेला एक भलताच जिन्नस, तोही त्याच मापाने, शेजारणीच्या मसाल्यात सापडला, आणि बाकीची मापंही सगळी तुमच्या दीडपट निघाली, तर मात्र वही कुठून कुठे गेली असा संशय येणारच. इंजिनांच्या तंट्यात पुरावा शोधतात तो अशाच ठिकाणी. काय केलं यापेक्षा, वेगळं करायला भरपूर वाव असताना नेमकं तसंच का केलं, हे बघतात.

कल्पना उचलणं कसं वैध असतं, याचं सुरेख उदाहरण लीला चेस झीरो. डिसेंबर २०१७मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीने अल्फाझीरो या स्वतः शिकणाऱ्या इंजिनचा शोधनिबंध दिला, प्रोग्रॅम दिला नाही. २०१८मध्ये स्वयंसेवकांनी निबंधातली पद्धत वापरून आपलं इंजिन उभं केलं. सुरुवातीचा पाया लीला झीरो या गो खेळाच्या खुल्या प्रोग्रॅमचा होता, आणि तसं उघड सांगितलेलं होतं. नावातच ते दिसतं.

फ्रूट आणि रिब्का

फ्रान्सच्या फाबियाँ लेतुझेचं फ्रूट हे इंजिन २००५च्या रेक्याविकच्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत दुसरं आलं. त्याच्या थोडं आधी, जून २००५मध्ये, लेतुझेने फ्रूट २.१चा सोर्स कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला केला होता. एवढं बलवान आणि एवढं स्वच्छ लिहिलेलं इंजिन तोवर कुणी उघड्यावर ठेवलं नव्हतं. माझ्या मते या क्षेत्राला मिळालेलं हे सर्वांत मोठं दान.

डिसेंबर २००५मध्ये रिब्का १.० बीटा आलं. रिब्का म्हणजे चेक भाषेत छोटा मासा. कर्ता वासिक रायलिख, स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर. रिब्का आल्या आल्या सगळ्या क्रमवाऱ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. फ्रूटचा कोड आपण उलटसुलट वाचला आणि त्यातून पुष्कळ गोष्टी घेतल्या, असं रायलिखने त्याच सुमारास मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं होतं. पुढचा सगळा वाद ‘घेतल्या’ या एका शब्दावर आहे : कल्पना घेतल्या की कोड?

रिब्काने २००७ ते २०१० अशी सलग चार जगज्जेतेपदं घेतली. जानेवारी २०११मध्ये लेतुझेने खुलं पत्र लिहिलं, पाठोपाठ अनेक प्रोग्रॅमरांनी आयसीजीए या आयोजक संघटनेकडे तक्रार केली, आणि ३४ जणांची समिती बसली. रिब्काचा सोर्स कोड समितीकडे नव्हता. चालती फाइल सोलून, यंत्राच्या आज्ञा वाचत, मूळ काय लिहिलं असेल ते मागे मागे शोधत जावं लागलं. झॅक वेग्नर आणि मार्क वॉटकिन्स यांनी हे किचकट काम केलं.

एका घोड्याचा तक्ता

त्या पुराव्यातला एक तुकडा जवळून बघू. गणित पाचवीतल्या मुलाला जमेल इतकंच आहे.

घोडा पटाच्या मध्यावर बलवान, कोपऱ्यात दुबळा. म्हणून इंजिन ६४ घरांसाठी ६४ गुण ठेवतं : घोडा या घरात असेल तर इतके जास्त, त्या घरात असेल तर इतके कमी. गुण साधारणपणे प्याद्याच्या शंभराव्या भागात मोजतात. असा तक्ता सहाही मोहऱ्यांचा, तोही डावाच्या सुरुवातीसाठी वेगळा आणि अखेरीसाठी वेगळा. ६४ गुणिले ६ गुणिले २, म्हणजे ७६८ आकडे.

लेतुझेने हे ७६८ आकडे हाताने लिहिले नाहीत. घोड्यासाठी त्याने आठ आकड्यांची एक छोटी यादी केली : −४, −२, ०, १, १, ०, −२, −४. ‘ए’ ते ‘एच’ या उभ्या रांगांना ती लावायची, १ ते ८ या आडव्या ओळींनाही तीच लावायची आणि दोन्ही वेळा ५ने गुणायचं. शिवाय घोडा पुढे गेला तर बरं, म्हणून आडव्या ओळींसाठी आणखी एक यादी : −२, −१, ०, १, २, ३, २, १. तीही ५ने गुणायची.

आता ‘ए१’ या कोपऱ्यातला घोडा. उभी रांग पहिली, −४ × ५ = −२०. आडवी ओळ पहिली, पुन्हा −२०. दुसऱ्या यादीतून −२ × ५ = −१०. एकूण उणे ५०, साधारण अर्ध्या प्याद्याचा तोटा. ‘ई५’वरचा घोडा : ५ अधिक ५ अधिक १०, एकूण २०. ‘ए८’वर जाऊन बसलेला घोडा बहुतेक वेळा तिथेच अडकतो, म्हणून लेतुझेने त्याला वेगळे १०० गुण दंड केला : −२० −२० +५ −१००, म्हणजे उणे १३५.

हे आकडे निसर्गनियम नाहीत. −४, −२, ०, १च्या जागी −५, −२, १, २ चाललं असतं. उंट आणि वजिरासाठी खुद्द लेतुझेनेच −३, −१, ०, १ अशी वेगळी यादी वापरली आहे. कितीतरी इंजिनांत ६४ आकडे सरळ हाताने भरलेले असतात. याद्या करून गुणायच्या हाही एक निर्णय, कुठली यादी हाही निर्णय, दोन्ही दिशांना तीच यादी लावायची हाही निर्णयच.

रिब्काच्या चालत्या फाइलमध्ये तयार तक्ते होते, आकडे फ्रूटपेक्षा वेगळे. वेग्नरने दाखवलं ते असं : फ्रूटचीच यंत्रणा घ्या, आठ आकड्यांच्या याद्या तशाच ठेवा, फक्त गुणक बदला, की रिब्काचे तक्ते बाहेर पडतात. काही ठिकाणी किरकोळ फरक आहेत, पण सांगाडा तोच. मसाल्याची दीडपट मापं म्हणजे हेच.

आतल्या शिवणीतला काठ

जुन्या साडीचा ड्रेस शिवला तर बाहेरून तो ड्रेसच दिसतो. आतली शिवण उलटून पाहिली तर कुठेतरी साडीच्या काठाची कड राहून गेलेली असते. कोडमध्येही असे काठ राहतात.

प्रत्येक खेळीला किती वेळ द्यायचा हे ठरवणारा भाग घ्या. फ्रूट वेळ सेकंदांत आणि दशांश चिन्हासह मोजतं, म्हणून तिथे वेळेची तुलना ‘०.०’शी केलेली आहे. तिथे ते शोभतं. रिब्का वेळ मिलिसेकंदांत, पूर्णांकात मोजतं. तिथे नुसतं ‘०’ पुरतं. तरीही सोललेल्या रिब्कात एका ठिकाणी दशांशाच्या शून्याशी तुलना सापडली. शिवाय कमांड वाचण्याचा भाग, तोही फ्रूटच्याच वळणाचा होता.

रिब्काच्या त्याहून जुन्या, बीटाच्या आधीच्या एका आवृत्तीत रॉबर्ट हायट यांच्या क्राफ्टी या इंजिनचे तुकडे सापडले. क्राफ्टीचा कोड सर्वांना वाचायला खुला होता, पण तो स्पर्धेत आपला म्हणून उतरवायची मुभा नव्हती. त्या तुकड्यांत क्राफ्टीतल्या चुका आणि निरुपयोगी झालेल्या ओळीसुद्धा होत्या. पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा : दोन मुलांची बरोबर उत्तरं जुळली तर काही कळत नाही, चूक जुळली की कळतं.

पण रिब्काची बांधणी तर वेगळी होती

हा आक्षेप खरा आहे, आणि वजनदार आहे. फ्रूट पट एका साध्या कप्प्यांच्या रांगेत ठेवतं : या कप्प्यात हत्ती, त्या कप्प्यात काही नाही. रिब्का ‘बिटबोर्ड’ वापरतं, म्हणजे ६४ घरांसाठी ६४ शून्य-एकांचा एक मोठा आकडा. मोहरं असेल तिथे १, नसेल तिथे ०. प्रत्येक प्रकारच्या मोहऱ्याला असा एकेक आकडा. पाया असा वेगळा असल्यावर फ्रूटच्या मूल्यमापनाच्या ओळी जशाच्या तशा चिकटवणं शक्यच नव्हतं. म्हणून रायलिखच्या बाजूचे म्हणाले, जिथे एकही ओळ जुळत नाही तिथे चोरी कसली?

समितीचं उत्तर भाषांतराचं होतं. मराठी कादंबरी कन्नडमध्ये नेली तर एकही शब्द सारखा राहत नाही, तरी ती कादंबरी अनुवादकाची होत नाही. वॉटकिन्सने मूल्यमापनातले घटक एकेक करून अनेक इंजिनांमध्ये ताडून पाहिले. अडकलेला हत्ती कसा ओळखायचा, पुढे सुटलेल्या प्याद्याला कुठल्या अटींवर गुण द्यायचे, राजाभोवतीचा हल्ला कसा मोजायचा, कुठला घटक घ्यायचा आणि कुठला मुद्दाम सोडायचा. फ्रूट-रिब्का ही जोडी इतर कुठल्याही जोडीपेक्षा बरीच जास्त जुळली.

मला यात समितीचं म्हणणं पटतं. एकेका मुद्द्याला बचाव आहे : मध्याला महत्त्व देणारी यादी कुणीही करील, ‘०.०’ हा टंकताना झालेला घोटाळाही असू शकतो. पण मुद्दे सुटे नाहीत, एकाच दिशेने बोट दाखवतात. तरी एक भेद सांभाळायला हवा. सिद्ध झालं ते ‘फ्रूटवरून बेतलेलं’ एवढंच. अख्खं फ्रूट उचलून नाव बदललं, असं झालेलं नव्हतं. फ्रूटच्या कितीतरी पुढे रिब्का गेलं, आणि ती ताकद रायलिखच्या स्वतःच्या कामातून आली होती.

नियम काय होता आणि निकाल काय लागला?

आयसीजीएच्या स्पर्धेचा नियम कॉपीराइट कायद्याहून कडक होता. त्याचा आशय असा : प्रोग्रॅम हे नाव नोंदवणाऱ्यांचं स्वतःचं काम असलं पाहिजे. दुसऱ्याने लिहिलेला खेळण्याचा कोड त्यात असेल, किंवा त्यावरून बेतलेला असेल, तर त्या सगळ्यांची नावं अर्जात द्यायची. मागितल्यावर कोड दाखवायचा. घेऊ नका असं तो म्हणत नव्हता, सांगा असं म्हणत होता.

हा नियम आधीही चालवला गेला होता. २००३मध्ये ग्राझला लिस्ट नावाचं इंजिन कोड न दाखवल्यामुळे बाद झालं. पुढे कोड दाखवला गेला आणि ते निर्दोष ठरलं. २००६मध्ये ट्युरिनला लायन++ हे इंजिन फ्रूटवर आधारलेलं असून तसं न सांगितल्याबद्दल बाद झालं.

जून २०११मध्ये निकाल आला. २००७ ते २०१० ही चारही पदं आणि २००६चं स्थान रद्द, रायलिखवर आजीवन बंदी. २००७चं पद झप्पाला, २००८चं हायार्क्सला गेलं. रिब्कातला खेळण्याचा कोड आपलाच आहे, असं रायलिखने सांगितलं, पण समितीसमोर येऊन बाजू मांडली नाही.

निकालावरचे आक्षेप थोडक्यात निकाली काढण्यासारखे नाहीत. पहिला : समितीत रिब्काकडून हरलेले स्पर्धक होते, आणि क्राफ्टीचे हायट तर चौकशी चालवणाऱ्या तिघांपैकी एक. न्यायाच्या दृष्टीने हे बरं नव्हतं. दुसरा : स्पर्धेत प्रत्यक्ष उतरलेल्या आवृत्त्या कुणाकडे नव्हत्या, बाजारात आलेल्या आवृत्त्या तपासल्या गेल्या. २००८च्या रिब्का ३चं मूल्यमापन ग्रँडमास्टर लॅरी कॉफमन यांनी नव्याने बसवलेलं होतं, म्हणजे शेवटच्या पदांबाबतचा पुरावा पातळ होतो. तिसरा : नियमातली मूळ असण्याची व्याख्याच ढिली आहे, असं रिबेलचे कर्ते एड श्रोडर यांच्यासारखे जुने प्रोग्रॅमर म्हणत राहिले.

प्रकरण फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नीतिमत्ता आयोगापर्यंत गेलं. २०१५मध्ये आयोगाने आजीवन बंदीबद्दल आयसीजीएलाच ताकीद दिली, कारण अशा बंदीची तरतूद संघटनेच्या घटनेत नव्हती. बाकीच्या तक्रारी फेटाळल्या. पदं रिब्काला परत मिळाली नाहीत. शिक्षा प्रमाणाबाहेर होती, दोष मात्र खरा होता, असं मी या सगळ्याचं वाचन करतो.

सारख्या खेळ्या केल्या म्हणजे चोरी?

नाही. पण संशयाला सुरुवात करायला तेवढं पुरतं. प्रोग्रॅमर डॉन डेली यांनी त्यासाठी एक चाचणी तयार केली. हजारो अशा स्थिती घ्यायच्या, जिथे एकच एक उघड उत्तम खेळी नाही. प्रत्येक इंजिनला एका स्थितीसाठी सेकंदाचा दहावा हिस्सा वगैरे द्यायचा. मग दोन इंजिनांनी किती ठिकाणी तीच खेळी निवडली ते मोजायचं.

वेळ मुद्दाम कमी ठेवतात. जास्त वेळ दिला की सगळीच बलवान इंजिनं खऱ्या उत्तराकडे सरकतात आणि साम्य आपोआप वाढतं. घाईत मात्र मूल्यमापनाची आवड-निवड उघडी पडते. संबंध नसलेली इंजिनं निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी जुळतात. त्याच्या बऱ्याच वर आकडा गेला की आत बघायचं कारण मिळतं.

ही चाचणी चुकते दोन्हीकडून. प्रामाणिक माणसाने आपले गुणक दुसऱ्या इंजिनच्या उत्तरांवर घासून घासून बसवले, तर एकही ओळ न घेता साम्य वाढतं. उलट उचललेल्या इंजिनाचे गुणक इकडेतिकडे केले, तर साम्य कमी दिसतं. म्हणून नुसत्या टक्केवारीवर कुणाला बाद करू नये.

रिब्काच्या बाबतीत हे चक्र उलटही फिरलं. २००७मध्ये रशियातून स्ट्रेल्का नावाचं इंजिन आलं, रिब्का १.० सोलून केलेलं. पुढच्या वर्षी स्ट्रेल्का २.० हा आपलाच कोड असल्याचा दावा रायलिखने केला. आणि त्याच स्ट्रेल्काकडे पाहून काही जाणकारांच्या लक्षात आलं की हे तर फ्रूटसारखं दिसतंय. २००९मध्ये टोपणनावांआडून इप्पोलिट आलं. ते रिब्का ३ सोलून केल्याचा आरोप झाला.

कोर्टात गेलेलं प्रकरण : प्रश्न विकण्याचा नव्हता

२००८मध्ये नॉर्वेच्या टॉर्ड रॉमस्टाडच्या ग्लाउरुंग या इंजिनवरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने स्टॉकफिश उभं केलं. पुढे शेकडो जणांचे हात त्याला लागले. लिचेस या वेबसाइटवर तुम्ही डाव तपासता तेव्हा चालतं ते हेच. परवाना जीपीएल.

जीपीएलबद्दल एक गैरसमज फार आहे : फुकट आहे, म्हणजे विकता येत नाही. विकता येतं! अटी एवढ्याच की घेणाऱ्याला तोच परवाना द्यायचा, त्याचे हक्क सांगायचे, बदलांसह पूर्ण सोर्स कोड मिळण्याची सोय करायची, कुणाचं काम आहे ते पुसायचं नाही. देवळाच्या अन्नछत्राचं भांडं नेऊन घरच्या कार्यात वापरा, पण त्यावर कोरलेलं नाव घासून काढू नका.

फेब्रुवारी २०२१मध्ये चेसबेस या जर्मन कंपनीने फॅट फ्रिट्झ २ सुमारे १०० युरोंना बाजारात आणलं. आतमध्ये स्टॉकफिश होतं. न्यूरल नेटवर्क, म्हणजे मूल्यमापन करणारं, यंत्राने स्वतः शिकलेल्या आकड्यांचं जाळं, वेगळं बसवलेलं आणि आकाराने दुप्पट, कोडमध्ये थोडेसे बदल. जाहिरात मात्र नव्या सर्वश्रेष्ठ इंजिनची. जुलै २०२१मध्ये रॉमस्टाड आणि स्टेफान निकोले यांनी स्टॉकफिशच्या वतीने दावा लावला. त्यात चेसबेस विकत असलेलं हुदिनी ६ हे इंजिनही होतं. जीपीएलच्या मूळ जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत, म्हणून चेसबेसचा परवानाच संपला, असं त्यांचं म्हणणं.

नोव्हेंबर २०२२मध्ये तडजोड झाली. चेसबेसने एक वर्ष स्टॉकफिश असलेली उत्पादनं विकायची नाहीत, खुल्या सॉफ्टवेअरच्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणारा अधिकारी नेमायचा आणि वापरलेल्या खुल्या सॉफ्टवेअरची माहिती वेबसाइटवर द्यायची. वर्षानंतर परवाना पुन्हा लागू. पैशांपेक्षा नाव आणि पारदर्शकता यांवर अडून बसणारे फिर्यादी कमी असतात. मला या तडजोडीचं मोल फार वाटतं.

न्यूरल नेटवर्क आल्यावर काय बदललं?

जवळजवळ सगळं. सप्टेंबर २०२०च्या स्टॉकफिश १२पासून मूल्यमापन न्यूरल नेटवर्क करतं. घोड्याच्या तक्त्यासारखे माणसाने बसवलेले आकडे आता उरले नाहीत. त्यांच्या जागी लाखो-कोटी आकडे आहेत, यंत्राने करोडो स्थिती पाहून स्वतः शिकलेले. त्यांत काठ शोधायचा कुठे?

शिवाय हे आकडे शिकले कशावरून? स्टॉकफिशची नेटवर्कं लीलाने खेळलेल्या डावांच्या विदेवर, म्हणजे डेटावर, शिकवली जातात. ती विदा खुल्या परवान्याखाली आहे आणि स्टॉकफिशवाले ते उघड सांगतात. पण कुणी न सांगता हेच केलं, तर कोड शंभर टक्के स्वतःचा असूनही खेळाची चव दुसऱ्याची.

टीसीईसी या इंजिनांच्या प्रसिद्ध स्पर्धेने यावर एक व्यवहारी तोडगा काढला. न्यूरल इंजिनचे तीन भाग धरायचे : नेटवर्क शिकवणारा कोड, शिकून तयार झालेलं नेटवर्क आणि ते चालवून खेळणारा कोड. तीनपैकी दोन तरी स्वतःचे हवेत. याने सगळे तंटे मिटत नाहीत, कारण ‘स्वतःचं’ म्हणजे किती बदललेलं हा प्रश्न उरतोच. निदान कुठे बोट ठेवायचं ते तरी कळतं.

स्वतः इंजिन लिहायचं असेल तर

पुण्या-मुंबईत काय, गावातल्या इंजिनीअरिंग कॉलेजातही हा प्रकल्प निवडणारी मुलं असतात. त्यांनी काय करावं?

आधी फक्त खेळ्या काढणारा भाग लिहा आणि ठरावीक खेळ्यांनंतर किती शक्यता होतात हे मोजणाऱ्या पर्फ्ट चाचणीने तपासा. सुरुवातीच्या स्थितीतून एका खेळीनंतर २० शक्यता, दोन खेळ्यांनंतर ४००, तीनला ८,९०२, चारला १,९७,२८१, पाचला ४८,६५,६०९. एकाचाही फरक पडला तर खेळ्या काढण्यात कुठेतरी गडबड आहे. हे आकडे सगळ्यांचे सारखेच यायला हवेत, त्यात उचलेगिरीचा प्रश्न नाही.

दुसऱ्याचा कोड वाचायला हरकत नाही. वाचा, समजून घ्या, खिडकी बंद करा, दुसऱ्या दिवशी आपल्या डोक्यातून लिहा. शेजारी उघडा ठेवून लिहिलात तर नावं बदलली तरी अटींचा क्रम तोच राहतो, आणि सोलणारा नेमका तोच क्रम बघतो. पहिल्या दिवसापासून गिट ही कोडमधल्या बदलांची नोंदवही वापरा, रोजचे छोटे बदल नोंदवा. आरोप झाला तर तीन वर्षांच्या पाचशे नोंदी हा सर्वांत भक्कम साक्षीदार. एका रात्रीत आलेल्या दहा हजार ओळी हा सर्वांत वाईट. गुणक स्वतःच्या इंजिनच्या डावांवर बसवा, नेटवर्क शिकवलंत तर विदा कुठली ते लिहून ठेवा.

आणि स्टॉकफिश घेऊन नाव बदलायचा मोह झाला, तर एवढं लक्षात घ्या. स्टॉकफिशला ‘बेंच’ अशी कमांड दिली की ते पन्नासएक ठरलेल्या स्थिती ठरलेल्या खोलीपर्यंत तपासून शेवटी एक आकडा छापतं : एकूण किती स्थिती पाहिल्या. त्या आवृत्तीचा तो आकडा कुठल्याही यंत्रावर तोच येतो. नाव, रंग, चिन्ह बदललंत तरी तोच येतो.

फ्रूटवरूनच बेतलेलं टोगा नावाचं इंजिन होतं. टोगा फ्रूटवर आधारलेलं आहे हे कर्त्याने सांगितलं, परवाना पाळला, आणि लोकांनी ते वर्षानुवर्षं आनंदाने वापरलं. प्रत्येक इंजिन सुरू होताना दोन ओळी सांगतं, एकीत स्वतःचं नाव, दुसरीत कर्त्याचं. स्टॉकफिशच्या दुसऱ्या ओळीत कुणा एकाचं नाव नाही. विकसकांचा उल्लेख आहे आणि ‘ऑथर्स’ ही फाइल बघा असं लिहिलेलं आहे. ती फाइल उघडली की नावांची लांबच लांब यादी खाली सरकत राहते.